लेलेबाई आणि वरचे शंभर शेअर

शंभर शेअरसाठी माझ्या गळ्यात साडेदहा लाख शेअर अडकवणाऱ्या बाईबद्दल मी चांगलं लिहायला बसलोय हे ऐकून माझी बायको शैला हसली. "राग गेला वाटतं?" म्हणाली. राग गेलेला नाही. जाणारही नाही. मी मार्केट यार्डात तीस वर्षं बारदानाचा धंदा केला आहे. बारदान म्हणजे रिकामी पोती. रिकाम्या पोत्याचे पैसे करणाऱ्या माणसाला कोणी फुकट खड्ड्यात घातलं तर तो विसरत नाही. तरीही लेलेबाईंची आठवण निघाली की मी चिडायला तोंड उघडतो आणि भलतंच काहीतरी बोलून बसतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

बाई एका कंपनीच्या सेक्रेटरी होत्या. सेक्रेटरी म्हणजे साहेबाचे फोन घेणाऱ्या नव्हेत. कंपनीचे भागधारक, सभा, ठराव, सरकारी नियम हे सगळं कायद्याप्रमाणे चाललंय की नाही ते बघणाऱ्या. कंपनी शहराबाहेर, प्लॅस्टिकची विणलेली पोती करणारी. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर बाईंचा फोन येईल, "जगताप, संचालक मंडळाची परवानगी घेतलीत का?"

त्या कंपनीचा पुण्यातला एजंट अकरा वर्षं मी होतो. मालक दादासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण आपण उभे राहिलो तर समोरच्यानं बसू नये असं वाटणारा. एके दिवशी त्यांनी माझी एजन्सी काढून साडूच्या मुलाला दिली. मला बोलावून सांगितलं नाही. शिपायाच्या हातून पत्र पाठवलं, तेही माझ्या दुकानात नाही, शेजारच्या गूळवाल्याकडे, कारण मी जेवायला गेलो होतो. यार्डात ते पत्र माझ्याआधी चौघांनी वाचलं. त्या दिवशी मी ठरवलं, ज्या दारातून मला काढलं त्याच दारातून मालक म्हणून आत जायचं. कंपनी शेअर बाजारात होती. शेअर कोणालाही विकत घेता येतात. मी घ्यायला लागलो.

भागधारकांची नोंदवही बघायचा हक्क प्रत्येक भागधारकाला असतो, असं मला कोणीतरी सांगितलं. ती बघायला गेलो तेव्हा बाई पहिल्यांदा दिसल्या. जिन्याखालची खोली. भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलावर एक लाकडी फूटपट्टी, चुरमुऱ्यांचा डबा, आणि त्यामागे पन्नाशीच्या, बारीक, सुती साडीतल्या लेलेबाई. मी आवाज चढवूनच आत शिरलो होतो, कारण नाही म्हणतील अशी खात्री होती.

"वही बघायची आहे. माझा हक्क आहे."

"आहेच. बसा." त्यांनी वही काढून समोर ठेवली. "नक्कल हवी असेल तर पानाला दहा रुपये."

मी चाळून बघितली. जाड वही होती. "सगळीच घेतो. पाच लावा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही कोथिंबीर नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी छापील भाव दिला. वर पावती घेऊन जा म्हणून त्यांनी मला दहा मिनिटं बसवून ठेवलं.

बाईंची कामाची एक पद्धत होती. भागधारकांची ताजी यादी दर आठवड्याला मुंबईहून येते. ती बहुतेक कंपन्यांत कॉम्प्युटरमध्ये पडून राहते. बाई सोमवारी सकाळी ती छापून घ्यायच्या आणि फूटपट्टी एकेका ओळीखाली सरकवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या. साडेतीन हजार नावं. मी एकदा विचारलं, "कॉम्प्युटर फरक काढून देत नाही का?" म्हणाल्या, "देतो. पण कॉम्प्युटरला पत्ता वाचून काही वाटत नाही."

त्यांना खरंच वाटायचं. माणसांना त्या फोलिओ नंबरवरून, म्हणजे वहीतल्या खाते क्रमांकावरून, ओळखायच्या. "एक हजार बेचाळीसचे काका गेले," असं सुतकी चेहऱ्यानं सांगायच्या. मग त्या काकांच्या बायकोकडे स्वतः जाऊन शेअर तिच्या नावावर करायचे फॉर्म भरून घ्यायच्या. शनिवार पेठेतून कंपनीच्या बसनं यायच्या, बसनंच जायच्या. विधवेच्या घरी जायचं तर रिक्षाचे पैसे स्वतःचे. कंपनीकडे मागितले तर दादासाहेब विचारतील, 'कुणाच्या सभेला गेला होतात?' म्हणून.

आता माझी पहिली तक्रार.

कंपनीनं पूर्वी आपल्या कामगारांना थोडे थोडे शेअर दिले होते. ते निवृत्त होऊन हडपसर, फुरसुंगीकडे राहत होते. त्यांच्याकडे जुनी कागदी प्रमाणपत्रं होती, पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या फोटोंखाली. कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत, आधी ते डीमॅट खात्यात घ्यावे लागतात. म्हाताऱ्यांना वाटायचं, कागद बाद झाले. मी पेढ्यांचा पुडा घेऊन जायचो. "काका, हे कागद आता चालत नाहीत. पण मी चाळीस रुपये शेअर देतो. खटपट मी करीन." बाजारात भाव पासष्ट होता. मी खोटं काय बोललो? चालत नव्हतेच.

एक दिवस बाईंचा फोन. "जगताप, या जरा."

गेलो. चुरमुऱ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. म्हणजे प्रकरण गंभीर.

"आठशे सोळाच्या काकू आल्या होत्या. चाळीस रुपयांना विकू का विचारत होत्या."

"मग? धंदा आहे. मी भाव करतो. त्यांनी नाही म्हणावं."

"भाव करा की. तुम्ही यार्डातले आहात, तुम्ही नाही करणार तर कोण करणार? पण समोरच्याला आजचा भाव माहीत असताना करा. तो माहीत नसताना करता त्याला मी काय म्हणते ते तुम्हाला आवडणार नाही."

"काय म्हणता?"

"चुरमुरे घ्या."

मी तिथे इतका ओरडलो की शिपाई डोकावला. बाई ऐकून घेत होत्या. ओरडून झाल्यावर म्हणाल्या, "पाणी देऊ?"

पुढचे तीन शनिवार त्यांनी कॅन्टीनमध्ये जुन्या कामगारांना बोलावलं. डीमॅट खातं कसं उघडायचं, फॉर्मवर कुठे सह्या करायच्या, सगळं. मलाही निरोप आला, 'यायचं तर या.' मी तणतणत गेलो. कॅन्टीनच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: वरण-भात, मटकीची उसळ, पोळी, ताक. त्याखाली त्याच अक्षरात: शेअर, आजचा भाव ६७ रुपये.

म्हातारे त्या फळ्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी सदुसष्टनं घेतले. आठशे सोळाच्या काकूंनी मला सत्तर मागितले. मी अडुसष्टवर आणलं. बाई पलीकडून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच हसू दिसलं. "आता याला भाव करणं म्हणतात," म्हणाल्या.

त्या माझ्याच मागे लागल्या होत्या असं मला तेव्हा वाटायचं. तसं नव्हतं, हे दुसऱ्या वर्षी कळलं. दादासाहेबांकडे कंपनीचे अडतीस टक्के शेअर होते. ज्याच्याकडे पंचवीसच्या वर आहेत, त्याला एका आर्थिक वर्षात पाच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. वाढवले तर बाकी भागधारकांसमोर त्यांचे शेअर घेण्याचा खुला प्रस्ताव ठेवावा लागतो. मी घेत सुटलोय हे बघून दादासाहेब घाबरले आणि तेही घ्यायला लागले. फेब्रुवारीत त्यांचे पाच टक्के संपत आले. मग सोमवारच्या यादीत बाईंच्या फूटपट्टीखाली एक नवं नाव आलं. बारा हजार शेअर. पत्ता दादासाहेबांच्या बंगल्याचा, फक्त पुढे 'आउटहाउस' लिहिलेलं. त्यांचा ड्रायव्हर.

बाई यादी घेऊन सरळ दादासाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. ही हकीकत मला दादासाहेबांनीच पुढे सांगितली. बाईंनी स्वतः कोणाचं कधी काही सांगितलं नाही.

"रामभाऊंनी शेअर घेतलेत," बाई म्हणाल्या.

"घेतले असतील. स्वतंत्र माणूस आहे."

"त्यांचा पगार मला माहीत आहे. त्यात बारा हजार शेअर बसत नाहीत. एकतर त्यांचा पगार वाढवा, मागच्या वीस वर्षांपासून. नाहीतर हे शेअर तुमचे म्हणून जाहीर करा."

"लेलेबाई, तुम्ही पगार कोणाचा घेता?"

"कंपनीचा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे तिचे बेचाळीस टक्के आहेत."

दादासाहेबांनी जाहीर केले. पाच टक्क्यांत कसेबसे बसले, पण वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि मी त्या यार्डात कापून लावल्या. माझी छाती इतकी फुगली की मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी पुडा उघडलाही नाही. "हे कोणाच्या आनंदाचे?" म्हणाल्या, आणि शिपायाला बोलावून सगळे पेढे पॅकिंग खात्यात पाठवून दिले.

त्यांच्या इतिवृत्तांचाही मला राग होता. वार्षिक सभेत मी दादासाहेबांना अर्धा तास धारेवर धरलं. टेबल आपटलं, ग्लास सांडला, दादासाहेबांचा घसा बसला. कागदावर हे सगळं येणार म्हणून मी खुशीत होतो. नक्कल मागवली. त्यात होतं: "एका सभासदांनी व्यवस्थापनाविषयी प्रश्न विचारले. अध्यक्षांनी उत्तरे दिली." मी फोन केला.

"बाई, मी टेबल आपटलं ते कुठे आहे?"

"टेबलानं मत दिलं नाही," म्हणाल्या.

पाच वर्षांत मी कुठवर आलो ते सांगतो. कंपनीचे एकूण चाळीस लाख शेअर. पंचवीस टक्के म्हणजे दहा लाख. माझ्याकडे झाले नऊ लाख नव्व्याण्णव हजार सहाशे. मुद्दामच तिथे थांबलो. पंचवीसला पोचलो तर खुला प्रस्ताव माझ्याही गळ्यात पडणार होता. आणखी सव्वीस टक्के शेअर, एकाच भावानं, ज्याला विकायचे असतील त्याच्याकडून घ्यायला मी बांधील. बाईंनी मला तो नियम एकदा समजावला होता. "पंचवीस टक्के म्हणजे तुम्ही घरात आलात. मोठे ठराव अडवू शकता. मग घरातल्या बाकीच्यांना विचारावं लागतं, या माणसाबरोबर राहायचंय का? नसेल तर हा भाव घ्या आणि जा. सगळ्यांना सारखा भाव. आठशे सोळाच्या काकूंना जो, तोच मोठ्या माणसाला."

हा सारखा भाव मला कधी पटला नाही. प्रत्येक माणसाची गरज वेगळी, तर भाव वेगळा का नको? पण माझा बेत सोपा होता. रेषेच्या चारशे शेअर अलीकडे थांबायचं आणि दोन-चार मोठ्या भागधारकांना आपलं म्हणणं पटवून संचालक मंडळात जागा मिळवायची.

बाईंनी आकडा बघितला आणि फूटपट्टी खाली ठेवली. "थोडे विका."

"का? चारशे कमी आहेत. मोजून ठेवलेत."

"गाडी दरीच्या कठड्याला टेकवून लावलीत."

"माझा हँडब्रेक पक्का आहे."

"घरातल्यांचाही?" त्यांनी एक छापलेला कागद दिला. बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलं यांचे शेअर कायद्यानं माझ्यातच धरले जातात, असं त्यात होतं. "घरी वाचून दाखवा," म्हणाल्या. मी घडी करून खिशात ठेवला. घरी जाऊन बायकोला कायदा वाचून दाखवणारा नवरा मी नव्हतो.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला शेअर बाजार तासभर उघडतो, मुहूर्ताचे सौदे होतात. आमच्याकडे यार्डात काटा आणि वह्या पुजतात, तसं शेअरवाल्यांच्या घरी पाच-दहा शेअर घेतात. नफ्यासाठी नाही, शकुनासाठी. शैलाचं स्वतःचं डीमॅट खातं आहे. घरखर्चातून आणि शिवणाच्या क्लासमधून साठवलेले पैसे. दरवर्षी ती कुठल्यातरी बँकेचे चार शेअर घ्यायची. त्या वर्षी मी खाली पूजेची मांडणी करत होतो आणि तिनं वरच्या खोलीतून दलालाला फोन करून 'आपल्या' कंपनीचे पाचशे घेतले. एकशेचाळीस रुपयांनी.

पुढच्या सोमवारी दुपारी चार वाजता बाईंचा फोन आला.

"जगताप, सौभाग्यवतींनी पाचशे शेअर घेतलेत."

"हो का," मी म्हणालो.

"एकत्र दहा लाख शंभर झाले."

"म्हणजे शंभर वर."

"शंभर नाही, एकशे एक. 'पंचवीस टक्के किंवा जास्त' असं लिहिलंय. बरोबर दहा लाखही चालत नाहीत."

मी बरं म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र जाऊन जिन्याखालची खोली डोक्यावर घेतली.

"चौदा हजार रुपयांच्या शेअरसाठी मी पंधरा-सोळा कोटींचा प्रस्ताव ठेवू? वेड लागलंय का? उद्या पाचशे विकून टाकतो."

"विका. विकल्याची नोंद वेगळी होईल. घेतल्याची तशीच राहील."

"अहो, कोण बघणार आहे? ही यादी अख्ख्या महाराष्ट्रात तुम्ही एकट्या वाचता!"

"म्हणून तर वाचते."

"शकुनाचे शेअर आहेत ते, बाई! बायकोनं पूजेच्या दिवशी घेतलेत!"

"त्याचं कलम नाही हो," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "मी शोधलं काल. खरंच शोधलं."

त्यांनी संचालक मंडळाला आणि मुंबईच्या नियामकांना पत्र लिहिलं. त्यानंतर माझं जे झालं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. मुंबईहून प्रस्तावाचं काम बघणारे मर्चंट बँकर आले, गुळगुळीत बुटांचे. भाव ठरला एकशे बावन्न. माझा नाही, सूत्रानं काढलेला. मी एका पैशाची घासाघीस करू शकलो नाही. साडेदहा लाखांना थोडे कमी शेअर घेण्याची तयारी, त्यातल्या चौथ्या हिश्श्याची रक्कम आधीच बँकेत अडकवून ठेवायची, आणि उशीर झालेल्या दिवसांचं व्याज. गुलटेकडीचं एक गोदाम विकलं. दुसऱ्यावर कर्ज काढलं. सगळ्यांनी शेअर दिले असते तर तिसरंही गेलं असतं, आणि मी परत दुसऱ्याच्या ओट्यावर पोती मोजत बसलो असतो.

वर्तमानपत्रात जाहिरात आली, त्यात माझ्या नावाखाली शैलाचं नाव, 'संगनमताने वागणारी व्यक्ती' म्हणून. ते वाचून शैला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात लेलेबाई. कंपनीचं काम नव्हतं, रजा काढून आल्या होत्या. मी दार उघडलं आणि बाजूला झालो नाही.

"तुमच्याकडे आले नाही. वहिनींकडे आलेय," म्हणाल्या.

स्वयंपाकघरात दोघी तासभर बसल्या. मी बाहेरून ऐकत होतो. बाई शैलाला सांगत होत्या, "संगनमत हा शब्द कायद्याचा आहे हो. त्याचा अर्थ इतकाच, की तुम्ही यांची बायको आहात." शैला म्हणाली, "ते तर पंचवीस वर्षांपासून आहे." मग दोघी हसल्या. जाताना बाईंना शैलानं चकल्यांचा डबा दिला. तो घेतला. माझे पेढे नाही घेतले, हे मी लक्षात ठेवलं आहे.

प्रस्ताव दहा दिवस खुला होता. त्या दहा दिवसांत दादासाहेबांनी बाईंना सांगितलं, 'भागधारकांना पत्र पाठवा, जगतापला शेअर देऊ नका म्हणून.' बाईंनी कळवलं, मत द्यायचं ते स्वतंत्र संचालकांच्या समितीनं, आणि ते छापून सगळ्यांना जाईल. लोक बाईंनाच फोन करायचे, काकू, काका, विचारायचे द्यावेत का. बाईंचं उत्तर सगळ्यांना एकच: "कागद सगळा वाचा. कळलं नाही तर या, मी वाचून दाखवीन. द्यायचे की नाही ते मला विचारू नका."

शेवटी पाच लाख शेअर आले. अर्ध्याहून कमी. मी साडेसदतीस टक्क्यांवर पोचलो आणि मंडळात दोन खुर्च्या मिळाल्या. दादासाहेब आणि मी आता आठवड्यातून एकदा समोरासमोर बसतो, आणि आश्चर्य म्हणजे आमचं बरं चालतं. तेही भाव करण्यात कच्चे नाहीत. त्या दारातून मी आत गेलो. फक्त जी किंमत द्यायला लागली ती मी ठरवलेली नव्हती, एवढीच माझी तक्रार. ती मी जो भेटेल त्याला सांगत आलो. लेलेबाईंनी शंभर शेअरसाठी मला बुडवत आणलं, अचानक फोन करून, मला काही माहीत नसताना.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी जिन्याखाली गेलो. कपाटांच्या किल्ल्या नव्या मुलीच्या हाती देऊन तिच्या सह्या घेऊन झाल्या होत्या. बाई एकट्याच बसल्या होत्या. मी ठरवूनच गेलो होतो.

"बाई, आज तरी सांगा. त्या दिवशी यादीतली एक ओळ सुटली असती तर काय बिघडलं असतं?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "त्या सोमवारी वहिनींचं नाव मला सकाळी साडेनऊला दिसलं. तुम्हाला फोन चार वाजता केला."

"मग?"

"वाट बघत होते. तुमचाच फोन येईल म्हणून. तुम्ही स्वतः कळवलं असतं तर ते पत्र मला लिहावं लागलं नसतं. मला ते लिहायचं नव्हतं."

"पण मला माहीतच नव्हतं, तर मी कसा..."

"जगताप," बाई म्हणाल्या, "चुरमुऱ्यांच्या भावावरून तुम्ही माझ्या खोलीत ओरडला आहात. पावतीवरच्या तारखेवरून ओरडला आहात. इतकी मोठी बातमी पहिल्यांदा ऐकली असतीत तर फोन कानाला धरता आला नसता मला. तुम्ही 'हो का' म्हणालात."

मी इथे लिहून टाकतो, कारण हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. पाडव्याच्या सकाळी शैलानं मला ओवाळलं. मी ओवाळणी घालायला पाकीट काढलं तर तिनं हात धरला. म्हणाली, "या वर्षी मी घालते," आणि फोन उघडून दाखवला. पाचशे शेअर. "तुमच्यात माझेही थोडे असू देत." तिच्या हातात निरांजन होतं. मी हिशेब तिथल्या तिथे केला होता. दहा लाख शंभर. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला नाही. मी तिला छान केलंस म्हणालो, आणि पाच दिवस गप्प बसलो, की शंभर शेअर कोण मोजतंय.

बाईंसमोर मी मान खाली घालून उभा होतो. एवढंच विचारलं, "पत्रात लिहिलंत का ते?"

"दादासाहेब म्हणत होते, 'जाणूनबुजून' लिहा. तुमचे वकील म्हणत होते, 'अनवधानाने' लिहा. मी दोन्ही लिहिलं नाही. फक्त तारीख आणि आकडे लिहिले." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "तेवढंच माझ्या हातात होतं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला भाव करता येतो, भांडता येतं. तिसरं काही येत नाही. मी म्हणालो, "माझी गाडी सोडेल तुम्हाला घरी, पेठेत." त्या म्हणाल्या, "बस आहे की."

मी वर, मंडळात आल्यावर मिळालेल्या माझ्या केबिनमध्ये गेलो आणि खिडकीशी उभा राहिलो. खाली फाटकावर सुटीची गर्दी होती. बाहेर पडताना प्रत्येक कामगाराची पिशवी बघायचा नियम आहे. बाई रांगेत होत्या, विणकाम खात्यातल्या दोन मुलींच्या मागे. त्यांची पाळी आली तेव्हा रखवालदार उठून उभाच राहिला आणि हात जोडायला लागला. बाईंनी पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि स्वतःच तिची चेन उघडली. तो नको नको म्हणत होता. काचेतून मला शब्द ऐकू येत नव्हते, पण बाई काय म्हणत असतील ते मला माहीत होतं. शेवटी त्यानं वाकून आत बघितलं. डबा वर काढला, छत्री वर काढली, परत ठेवली. बाईंनी चेन लावली, वहीत सही केली आणि बसकडे चालत गेल्या.

मी जिना उतरून खाली गेलो तेव्हा बस सुटली होती. घरी येऊन शैलाला बाईंचं सगळं बोलणं सांगितलं. पाडव्याला तिच्या हातात निरांजन असतानाच मी हिशेब केला होता, हेही सांगितलं. तिनं टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "लेलेबाईंचा नंबर लावा. आधी मी बोलते."